हँडल फिरवून चालणारी खेळणी: यात पैसे घालावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळण्यांची बांधणी आणि तपासणी यांत बरीच वर्षं काढल्यावर आता माझ्याकडे लोक वेगळ्याच कामाला येतात. कुणीतरी त्यांना एक नमुना दाखवलेला असतो, ‘सेल नको, चार्जर नको, मूल स्वतःच वीज तयार करतं’ असं सांगितलेलं असतं आणि भांडवल मागितलेलं असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. तुमचं उत्पन्न, कर्ज, वय मला माहीत नाही. त्यामुळे किती पैसे घालायचे हे मी सांगणार नाही, पैसे घालण्याआधी काय बघायचं एवढंच सांगेन.

हँडलचं खेळणं म्हणजे चावीचं खेळणंच ना?

नाही, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. चावीच्या खेळण्यात स्प्रिंग गुंडाळली जाते आणि उलगडताना चाकं फिरवते. मागे ओढून सोडायच्या मोटारीतही स्प्रिंगच असते. जमिनीवर घासून सोडायच्या गाडीत जड चाक गरगरत राहतं. या तिन्हींत विजेचा संबंध नाही. हँडल फिरवून वाजणाऱ्या संगीतपेटीतही नसतो. तिथे खुंट्यांचा दंडगोल फिरतो आणि पोलादी फणीचे दात छेडले जातात.

या पानावर मी बोलतोय ते डायनॅमोच्या खेळण्यांबद्दल: हँडल, गिअर, छोटी मोटर उलटी वापरून केलेला डायनॅमो, वीज साठवायला काहीतरी आणि पुढे दिवा, आवाज किंवा चाकं. तुमच्यासमोर ठेवलेला नमुना यांपैकी कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा. साधी यांत्रिक खेळणी हा जुना, सरावलेला धंदा आहे. डायनॅमो आला की खर्च, नियम आणि मोडतोड या तिन्हींचा हिशेब बदलतो.

मुलाच्या हातातून वीज निघते तरी किती?

सगळा धंदा या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोठा माणूस हँडल फिरवून थोडा वेळ २०-३० वॅट देऊ शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. हँडल बोटभर, दुसऱ्या हातात खेळणं धरलेलं, लक्ष निम्मं दुसरीकडे. मी हिशेबाला ४ वॅट धरतो, तेही उत्साह आहे तोवर. मूल मिनिटाला ६० ते १२० फेरे मारतं. छोट्या मोटरीकडून कामाची वीज काढायची तर तिला मिनिटाला दोन-तीन हजार फेरे हवेत. म्हणजे मध्ये साधारण तीसपटीची गिअरची साखळी आली, बहुधा तीन टप्प्यांची. प्रत्येक टप्प्यावर दहाएक टक्के घर्षणात जातात, तीन टप्प्यांनंतर ७३ टक्के उरतात. मोटर त्यातल्या ६५ टक्क्यांची वीज करते. वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड आपले दहा-बारा टक्के कापून घेतात. शेवटी हाती लागतात जेमतेम ४० टक्के.

आता अर्धा मिनिट फिरवलं असं धरू. ४ वॅट गुणिले ३० सेकंद, म्हणजे १२० जूल (जूल हे ऊर्जेचं माप). त्यातले वापरायला मिळाले ४८. एवढ्यावर ०.०६ वॅट खाणारा एक एलईडी १३ मिनिटं जळेल. ०.३ वॅटचा बारीक स्पीकर अडीच मिनिटांहून थोडा जास्त वाजेल. दीड वॅटची चिमुकली मोटर अर्धा मिनिट पळेल. पडदा असलेलं, ३ वॅट खाणारं खेळणं १६ सेकंदांत मान टाकेल.

तुलनेला एक साधा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या. त्यात साधारण १०,००० जूल असतात. तेवढी ऊर्जा त्या मुलाला हँडलवर मिळवायची तर न थांबता पावणेदोन तास फिरवावं लागेल.

म्हणजे ‘सेलला पर्याय’ ही जाहिरात खोटी?

दिव्यांपुरती आणि थोड्या आवाजापुरती खरी. पळणाऱ्या, उडणाऱ्या किंवा पडदा असलेल्या खेळण्यासाठी गिऱ्हाईक दोन दिवसांत वैतागेल इतकी खोटी. नमुना दाखवणारा माणूस दमदार हाताने हँडल फिरवतो आणि गाडी खोलीभर धावते. त्याला म्हणावं, फिरवायला मुलाला दे.

मग लोक अशी खेळणी घेतात कशासाठी?

घेणारे आईबाप असतात आणि त्यांचा राग सेलवर असतो. खेळणं घरी आलं आणि सेल वेगळे आणायचे राहिले. कप्प्याचा स्क्रू उघडायला घरात बारीक पेचकस नाही. वर्षभराने कपाटातून काढलं तर सेल गळून आत हिरवट-पांढरा थर जमलाय. त्याहून गंभीर भीती बटण सेलची. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अमेरिकेने २०२२ मध्ये अशा सेलच्या वस्तूंसाठी ‘रीज लॉ’ नावाचा वेगळा कायदाच केला. ज्या खेळण्यात सेलच नाही, त्यात ही काळजीही नाही.

आणखी एक कारण कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही, पण आईबापांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलंय. हँडलचं खेळणं आपोआप गप्प होतं. मूल कंटाळलं की हात थांबतो, हात थांबला की गाणं थांबतं. सेलवालं तेच गाणं चाळीस वेळा म्हणतं.

यात आधी कुणी हात घातला होता का?

घातला होता. खेळण्यांच्या अगदी शेजारच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली ट्रेव्हर बेलिस यांची. या ब्रिटिश संशोधकाला १९९१ मध्ये चावीवर चालणाऱ्या रेडिओची कल्पना सुचली. १९९४ मध्ये तो बीबीसीच्या कार्यक्रमात झळकला, मग कंपनी निघाली, फ्रीप्ले नावाने रेडिओ विकले गेले, सन्मान मिळाले. मूळ रचना स्प्रिंगवर होती. पुढे कंपनीने रचना बदलली आणि फिरवून आतली बॅटरी भरायची पद्धत आणली. रचना बदलल्यावर बेलिस यांच्या पेटंटचा त्या मालावरचा ताबा सुटला. जगभर नाव झालेल्या या माणसाच्या हाती पैसा फारसा लागला नाही.

दुसरी शाळकरी मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपची. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी त्याचा नमुना दाखवला. त्याला बाजूला पिवळं हँडल होतं. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवायला घेतलं आणि ते तुटून त्यांच्या हातात आलं. प्रत्यक्ष बाजारात आलेल्या लॅपटॉपवर ते हँडल नव्हतंच.

तिसरी सगळ्यात बोलकी. २०२२ मध्ये ‘प्लेडेट’ नावाचं खिशात मावणारं, व्हिडिओ गेम खेळायचं पिवळं यंत्र आलं. त्याच्या कडेला हँडल आहे. आधीच्या वर्षी नोंदणी उघडली तेव्हा पहिले २०,००० नग वीस मिनिटांच्या आत संपले. त्या हँडलने वीज तयार होत नाही! ते फिरवून खेळ खेळायचा, आणि यंत्र मात्र सगळ्या यंत्रांसारखं चार्ज करायचं.

माझं मत या तिसऱ्या गोष्टीपाशी येऊन थांबतं. हँडल फिरवणं हाच खेळ असेल तर ते विकलं जातं. खेळ सुरू होण्याआधी भरायचा दंड म्हणून हँडल लावलं असेल तर मूल दोनदा दंड भरतं आणि तिसऱ्यांदा खेळणं टाकून देतं. जोरात फिरवलं की वाघ ओरडतो, हळू फिरवलं की घोरतो, अशा खेळण्याकडे मी पैशाच्या नजरेने बघेन. ‘दोन मिनिटं फिरवा, मग खेळा’ असं पेटीवर छापलेलं असेल तर नाही.

वीज साठवायची कशात? लिथियम सेल बरा ना?

मी सुपरकॅपॅसिटरच्या बाजूचा आहे. सेलसारखी वीज साठवणारा, पण झटकन भरणारा असा हा सुटा भाग. १० फॅरड आणि २.७ व्होल्टच्या, करंगळीच्या पेराएवढ्या कॅपॅसिटरमध्ये साधारण ३६ जूल मावतात. व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत वापरलं तर २७ जूल हाती येतात. असे दोन लावले तर अर्धा मिनिट फिरवण्याच्या मानाने माप बरोबर बसतं. तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो, लिथियम सेल काहीशे वेळांनंतर थकतो. कॅपॅसिटरची खोड म्हणजे तो गळका आहे. आज भरून ठेवला तर काही दिवसांत आपसूक रिता होतो. खेळण्यात हे चालून जातं, कारण पुन्हा फिरवणं हाच तर खेळ आहे.

लिथियम घातला की वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्या आल्या. युरोपात विकायचं असेल तर २०२३ ची बॅटरी नियमावली आली. तिच्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून वस्तूतली छोटी बॅटरी, थोडे अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. म्हणजे पुन्हा कप्पा, पुन्हा स्क्रू.

एक सोपी खूण सांगतो. नमुना उलटा करून यूएसबीचं भोक दिसतं का ते बघा. दिसलं, तर हँडल शोभेचं आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे.

खर्चाचं गणित कसं बसतं?

विकण्याची किंमत १०० धरा. दुकानदार आणि वितरक मिळून त्यातले साधारण निम्मे घेतात. कंपनीकडे येतात ५०. माल गोदामात येऊन पडेपर्यंतचा खर्च २५ च्या आत असावा, ही माझी फूटपट्टी. उरलेल्या २५ मध्ये पगार, जाहिरात, चाचण्या, परत आलेला माल, व्याज आणि नफा.

आता सेलवाल्या खेळण्याच्या कप्प्यात असतं काय? दोन-तीन धातूच्या पट्ट्या, स्प्रिंगा, झाकण, स्क्रू. हँडलवाल्यात गिअरपेटी, मोटर, डायोड, कॅपॅसिटर, क्लच आणि हे सगळं सरळ रेषेत धरून ठेवणारी जाड भिंतीची चौकट. शिवाय प्रत्येक गिअरचा साचा वेगळा. साच्यांचा पैसा पहिला नग विकण्याआधी जातो.

खरी अडचण पुढेच आहे आणि भांडवल मागणारे तिच्यावरून झरकन पुढे सरकतात. सेलचा खर्च गिऱ्हाईक पुढे वर्षभर थोडा-थोडा करतं. डायनॅमोचा खर्च कंपनी आजच करते आणि तो किमतीच्या चिठ्ठीवर दिसतो. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पेट्यांत हँडलवाली महाग असते. वाचणारे पैसे घरी गेल्यावर कळायचे. तेव्हा ‘सेलचा खर्च वाचतो’ या एका वाक्यावर किंमत वाढवून मागणारी योजना मला पोकळ वाटते.

परत येणारा माल किती धरावा?

टक्का कंपनीकडून लेखी घ्या. तो नफ्याला कसा कुरतडतो ते बघा: १०० नग विकले, दर नगामागे निव्वळ नफा ८, म्हणजे एकूण ८००. पाच नग परत आले आणि प्रत्येकाचे ५० परत द्यावे लागले तर २५० गेले. नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि आणण्या-नेण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही.

मोडतं काय?

गिअर. जवळजवळ नेहमी गिअर, आणि बहुधा हँडलच्या लगेच पुढचा.

एकदा माझ्या टेबलावर हँडलवाला कंदील आला होता. बाहेरून गुळगुळीत, हिरवा, हातात घ्यावासा वाटणारा. फिरवला की आत ‘कट्’ असा आवाज, मग हँडल मोकळं, मग पुन्हा ‘कट्’. चार स्क्रू काढले तर पहिल्या मोठ्या गिअरचे तीन दात सपाट आणि पांढरा भुगा वंगणात कालवलेला. कारण शोधायला मी कंदील तसाच घरातल्या एका पाच वर्षांच्या मुलीच्या हातात दिला. तिने हँडल धरलं आणि कंदीलच गोल फिरवला. पुढे मध्येच दिशा बदलून झटका दिला. मग हँडलला धरून कंदील उचलून नेला. तपासणीच्या यंत्राने तेच हँडल हजारो वेळा फिरवलं होतं, पण एकाच दिशेने, एकाच वेगाने.

या झटक्यांवर उपाय आहेत. ठरावीक जोराच्या पुढे घसरणारा क्लच, उलट दिशेला मोकळं फिरणारं एकदिशा चाक किंवा दोन्ही दिशांची वीज सरळ करणारा डायोडचा पूल, आणि पहिल्या गिअरला ॲसिटलसारखं चिवट प्लास्टिक. यांतला क्लच स्वस्ताईच्या नादात सगळ्यात आधी गाळला जातो. त्या कंदिलात तो नव्हता.

नियमांचं काय? सेल नाही म्हणजे चाचण्या कमी?

काही कमी, काही जास्त. विजेच्या खेळण्यांसाठी आयईसी ६२११५ हे मानक आहे. त्याशिवाय युरोपात ईएन ७१, अमेरिकेत एएसटीएम एफ९६३, इतर अनेक देशांत आयएसओ ८१२४ वर बेतलेली मानकं. हँडलमुळे दोन कलमं महत्त्वाची होतात. एक म्हणजे बोट चिमटणं. हलत्या भागांमधली फट ५ मिलिमीटरहून कमी तरी हवी, नाहीतर १२-१३ मिलिमीटरहून जास्त. मधल्या मापात नेमकं मुलाचं बोट जातं. दुसरं, तुटून निघालेला तुकडा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तो ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावला की खेळणं नापास. हँडलची मूठ बहुतेकदा त्या नळीत आरामात मावते, म्हणून ती ओढून, पिळून, आपटून बघतात.

खेळण्याच्या आवाजालाही मर्यादा असते. गिअरचा घरघराट त्यातच मोजला जातो, हे नवख्यांना प्रयोगशाळेत गेल्यावर कळतं.

कोणत्या वयासाठी?

माझ्या मते पाच ते नऊ. त्याआधी एक हात धरून दुसरा गोल फिरवणं नीट जमत नाही, त्यानंतर हँडल ‘लहान मुलांचं’ वाटायला लागतं. शिकण्याचे संच याला अपवाद, ते पुढे येतंच आहे.

पेटंट आहे असं सांगतात. पुरेसं आहे का?

पेटंट कशाचं, ते वाचा. चुंबक आणि तार फिरवून वीज काढायचं तत्त्व फॅरडेंनी १८३१ मध्ये दाखवलं, ते सगळ्यांचं आहे. पेटंट मिळतं ते क्लचच्या विशिष्ट रचनेला, हँडल घडी होण्याच्या पद्धतीला, अशा बारीक गोष्टींना, आणि साधारण अर्ज केल्यापासून २० वर्षांसाठी. बेलिस यांची गोष्ट आठवा. रचना थोडी बदलून तेच काम करता येत असेल तर त्या कागदाची किंमत वकिलाच्या फीइतकीच. खेळण्यांत मला पेटंटपेक्षा रूपाची नोंदणी, नावाचा ट्रेडमार्क आणि आधीच पैसे वसूल झालेले साचे जास्त भरवशाचे वाटतात.

पैसे घालायच्या वाटा कोणत्या?

नव्या कंपनीत हिस्सा घेणं ही सगळ्यांना आधी सुचणारी वाट, आणि सगळ्यात निसरडी. एकाच खेळण्यावर उभी असलेली कंपनी एका हंगामात बसू शकते. खेळण्यांची विक्री बऱ्याच बाजारांत वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकवटते. त्यासाठी मालाची मागणी कितीतरी महिने आधी नोंदवावी लागते. अंदाज चुकला की माल अंगावर.

रॉयल्टी ही दुसरी वाट. रचना एखाद्या मोठ्या कंपनीला वापरायला द्यायची आणि घाऊक विक्रीवर टक्का घ्यायचा. या धंद्यात तो ५ टक्क्यांच्या आसपास असतो. गोदाम, परतीचा माल, चाचण्या हे सगळं त्यांच्या डोक्याला. करारात किमान रकमेचं कलम नसेल तर मात्र मोठी कंपनी रचना कपाटात ठेवून स्वस्थ बसू शकते.

तिसरी वाट मला आवडते, पण ती कुणी विचारत नाही: खेळणी न बनवता आतली पेटी बनवणाऱ्याकडे जाणं. हँडल, गिअर, डायनॅमो आणि कॅपॅसिटर यांचा चाचण्या झालेला तयार संच, जो दहा वेगवेगळे खेळणीवाले आपापल्या वाघात, कंदिलात, आगगाडीत बसवतील. एक खेळणं पडलं तरी नऊ उरतात आणि साच्यांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

बक्षीस म्हणून वस्तू देणाऱ्या लोकवर्गणीच्या मोहिमांत पैसे भरणं ही गुंतवणूक नव्हे. तिथे तुम्ही आगाऊ पैसे मोजणारे गिऱ्हाईक असता.

शाळांना विकणं सोपं पडेल का?

सोपं नाही, पण तिथे हँडलला खरा अर्थ आहे. हँडलला काहीच जोडलं नसेल तर ते हलकं फिरतं. एलईडी जोडला तर किंचित जड होतं. जुन्या तारेचा बल्ब जोडला की हात ओढल्यासारखा जड होतो. दोन्ही टोकं एकमेकांना जोडली तर चिखलात फिरवल्यासारखं वाटतं. वीज ‘खर्च’ होते म्हणजे काय, हे मुलाच्या मनगटाला कळतं. जेनेकॉनसारखे हातातले जनरेटर याच कामासाठी शाळांच्या प्रयोगशाळांत वापरले जातात.

धंदा म्हणून बघितलं तर खरेदीचा निर्णय सावकाश, पैसे उशिरा, नग कमी. पण माल फॅशनवर चालत नाही, पाच वर्षांनीही तोच संच विकता येतो आणि शिक्षक एखादा गिअर सुटा मागवून बदलतात.

पर्यावरणाचा मुद्दा विक्रीला उपयोगी पडतो का?

पेटीवर छापायला, हो. हिशेबात, खेळणं किती वर्षं टिकतं त्यावर. एक-दोन सेल वाचवून सहा महिन्यांत मोडलेलं, तांबं, चुंबक आणि प्लास्टिक एकत्र चिकटवलेलं खेळणं काही पुण्याचं काम नाही. स्क्रूने उघडतं की डिंकाने बंद केलंय, तेवढं बघा.

नमुना हातात आला की तुम्ही स्वतः काय करता?

आधी कानाला लावून हळू फिरवतो. आवाज एकसारखा असेल तर गिअर नीट बसलेत, लंगडत असेल तर दांडा वाकडा आहे. मग उलटं फिरवतो. मग एकदम थांबवतो. मग हँडल मनगटाने बाजूला दाबतो, दांड्याच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पांढरं पडतंय का ते बघतो. मीटर लावून अर्ध्या मिनिटाची वीज मोजतो आणि मघाच्या ४८ जूलशी ताडून बघतो. कंपनीचा आकडा याच्या तिप्पट असेल तर तो कुणी फिरवून काढला हे विचारतो.

शेवटी खेळणं मुलांच्या खोलीत ठेवतो, काही न सांगता, आणि दाराबाहेर वही घेऊन बसतो. पहिल्या दिवशी सगळीच मुलं फिरवतात, ते मी लिहीतही नाही. चौथ्या दिवशी कुणी आपणहून हँडलला हात लावला तर वेळ टिपतो.